पहिल्या मिनिटानंतर

मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटायचा नव्हे, गाणी एकमेकांत मिसळायचा. माझ्या अंगावर दोन उभ्या कळा आहेत, एक डाव्या गाण्याची आणि एक उजव्या गाण्याची. त्यांच्या खाली एक आडवी कळ आहे. ती डावीकडे असली की डावं गाणं वाजतं, उजवीकडे नेली की उजवं, आणि मधोमध ठेवली की दोन्ही एकदम वाजतात. ही मधली जागा कशासाठी असते, हे मला माझ्या आयुष्यात फार उशिरा कळलं. त्याचीच ही हकिकत आहे.

मित्रांनो, माझा जन्म उल्हासनगरच्या एका गल्लीत झाला. खाली जीन्स शिवण्याचा कारखाना आणि वर हितेशचा गाळा. खालच्या मशिनी दिवसभर घरघरत असत आणि वर हितेश पंख्याखाली बसून कथलाच्या धुरात आमची जोडणी करत असे. हितेश सिंधी होता. आईशी फोनवर सिंधीत, गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि फारच घासाघीस करणाऱ्याशी मराठीत बोलायची त्याची रीत होती. कुठून तरी आणलेली पत्र्याची पेटी, कुठली कुठली सर्किटं आणि नव्या कोऱ्या कळा एवढीच माझी कुळकथा. कपाळावर परदेशी वाटेल असं एक नाव रंगवलं आणि मी विकायला तयार झालो.

विकण्याआधी प्रत्येक यंत्र हितेश एकच गाणं लावून तपासत असे. त्या गाण्याला शब्द नव्हते. नुसता एकसारखा ठोका होता, झपाझप चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा, आणि थोड्या वेळाने मागून एक सूर हळूच डोकावू लागायचा. ठोका एकसारखा असला की यंत्रातला दोष कानाला लगेच कळतो, म्हणून हे गाणं. मिनिटभरात हितेशचं समाधान व्हायचं आणि तो ते बंद करायचा. त्या सुराचं पुढे काय होतं, हे गाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. जन्मल्या दिवसापासून मला ही एक चुटपुट लागून राहिली.

मला दिपेशने विकत घेतलं. तो बदलापूरजवळच्या एका आगरी वस्तीतला. वडिलांची शेती इमारतींखाली गेली, तेव्हा दिपेशने टेम्पो घेतला, त्यावर उंचच उंच स्पीकर रचले आणि हळदीच्या सुपाऱ्या घेऊ लागला. आमच्या भागात लग्न एकवेळ साधेपणाने होईल, पण हळद दणक्यातच झाली पाहिजे. मी त्या दणक्याच्या मध्यभागी असे. आवाज किती चढला ते दाखवणारे माझे दिवे कायम लाल ठेवायचे, हा दिपेशचा नियम. हिरव्या दिव्यावर वाजवणारा साउंडवाला म्हणजे कामचुकार, असं तो म्हणायचा. एक गाणं अर्ध्यावर आलं की त्याने माझी आडवी कळ खटकन दुसऱ्या टोकाला हाणलीच म्हणून समजा. पोरं ओरडायची आणि दिपेश खूष व्हायचा.

पण हळदीत ज्याच्या हातात माइक असतो, त्याचं खरं काम गाणी लावणं नसतं. त्याचं खरं काम नावं पुकारणं. नवऱ्याचे मामा, मंडपात या. आत्याबाई, मंडपात या. नाव पुकारलं की हातातलं काम टाकून माणसाने नाचायला यायचंच. आलं नाही तर पुकारणाऱ्याचा अपमान आणि पुकारलंच नाही तर त्या माणसाचा. दिपेशला सगळ्यांचे मानपान तोंडपाठ होते. चुलीपाशी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायांना तो सगळ्यात आधी पुकारायचा. त्या रुसल्या तर पुढच्या लग्नात वऱ्हाड उपाशी राहील, असं तो हसत सांगायचा, पण ते त्याला मनापासून वाटायचं. करिष्मा, त्याची धाकटी बहीण, लहानपणापासून टेम्पोच्या कडेला बसून हे सगळं ऐकत मोठी झाली.

ते दिवस माझे मानाचे होते. नाचणारी माणसं हळदीने माखलेल्या हातांनी मला टाळी देऊन जायची. ती हळद माझ्या फटींत शिरत गेली. डाव्या कळेखाली तिचा थर बसला आणि कळ सरकवली की खरखर ऐकू येऊ लागली. दिपेशने मला दोन चापट्या मारून पाहिल्या. मग त्याने रंगीत दिव्यांचं नवं यंत्र आणलं आणि मी पाण्याच्या टाकीखालच्या कोनाड्यात वायरींच्या भेंडोळ्याखाली गेलो. एका पालीने माझ्या पाठीशी संसार थाटला. मला तिचा राग नव्हता. निदान कुणीतरी सोबत होतं.

एक दिवस दिपेशने मला उचलून पिशवीत घातलं. हितेशकडे एक बिघडलेला अॅम्प्लिफायर दुरुस्तीला न्यायचा होता आणि जाता जाता मला मोडीत द्यायचं होतं. करिष्माला त्या दिवशी सुट्टी होती, ती बरोबर आली. ती अंबरनाथ एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम करत होती. हितेशने अॅम्प्लिफायर नीट केला आणि सवयीने तेच गाणं लावलं. ठोका सुरू झाला. सूर डोकावला. हितेशचा हात बंद करायला पुढे आला.

"चालू राहू द्या ना," करिष्मा म्हणाली. "पुढे काय आहे?"

"आगे कुछ नहीं है, बेटा. टेस्टिंग है."

"पण संपलं कुठे आहे?"

हितेशने हात मागे घेतला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मी तिच्या पायाशी पिशवीत होतो आणि माझ्या सगळ्या तारा कान होऊन ऐकत होत्या. मित्रांनो, पुढे खूप काही होतं. तो सूर आत आला, ठोक्याशेजारी बसला, मग त्याच्या मागून दुसरा आला. मध्येच ठोका गप्प झाला आणि सूर एकटेच राहिले. मग ठोका परत आला तेव्हा करिष्माने सोडलेला श्वास मला ऐकू आला. गाणं संपल्यावर करिष्माने विचारलं की हे आहे तरी काय. हितेश म्हणाला की याला हाऊस म्हणतात, बाहेरच्या देशांत लोक यावर तासन्‌तास नाचतात, बाकी आपल्याला काय माहीत. परतताना पिशवी करिष्माच्या मांडीवर होती आणि मी पिशवीतच होतो. मला मोडीत देऊ नको, एवढंच ती भावाला म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ओटीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मला उघडलं. रंगाच्या जुन्या ब्रशने आणि स्पिरिटने तिने माझी एकेक फट साफ केली. वर्तमानपत्रावर हळदीचा पिवळा ढीग झाला. खरखर पुरती गेली नाही, पण डावी कळ पुन्हा सरकू लागली. मग तिने घरातले दोन जुने मोबाइल मला जोडले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि कारखान्यातून आल्यावर रोज माझ्यापुढे बसू लागली.

ती काय शोधते आहे, ते मला आधी कळेना. नाचायला कुणी नव्हतं, माइक नव्हता आणि दिवे तर ती हिरव्याच्या वर जाऊच देत नव्हती. मी मनात म्हटलं, ही पोर दिपेशचं नाव घालवणार. मग लक्षात आलं की ती आडवी कळ हाणत नाही. ती मधोमध आणून ठेवते. एक गाणं बाहेर वाजत असताना दुसरं ती कानाला लावायची आणि दोघांचे ठोके एकावर एक बसवू पाहायची. सुरुवातीला दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात पाय घालायची. शेजारच्या सगुणाबाईंनी एकदा येऊन विचारलं की तुमची पाण्याची मोटर बिघडली आहे का.

कारखान्यातल्या दोन मशिनींचं ती दिपेशला सांगायची. एक बाटलीला झाकण बसवते, दुसरी कागद चिकटवते, दोघींची चाल किंचित वेगळी आहे. बराच वेळ त्या आपापल्या ठोकतात, मग हळूहळू जवळ येतात, काही क्षण एकच मशीन चालल्यासारखं वाटतं आणि पुन्हा दूर जातात. त्या दोघींना तिथेच धरून ठेवता आलं तर? दिपेश जेवता जेवता म्हणायचा की तुला कारखान्यात पगार मशिनी ऐकायचा मिळतो का. पण तिला ते जमू लागलं. एका संध्याकाळी दोन गाणी माझ्यातून अशी एकत्र गेली, की पहिलं कुठे संपलं ते मलाही सांगता येईना. मी तर त्या दोघांच्या मध्येच होतो. इतका आनंद मला कुठल्याही हळदीत झाला नव्हता.

दिपेशच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. बहिणीचा हात बसला आहे, हे त्याने ओळखलं होतं. आजूबाजूच्या साउंडवाल्यांकडे मुलगी वाजवायला नव्हती. त्याने करिष्माचा मोठा फोटो टाकून 'लेडी डीजे' असा बॅनर छापूनही आणला. तिने फक्त टेम्पोवर उभं राहायचं, गाणी तो सांगेल ती लावायची. करिष्मा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिला हाऊस वाजवायचं होतं आणि माणसांसमोर वाजवायचं होतं. त्यासाठी तिने स्वतःच एक वाट काढली. ठाण्याची तेजल नावाची एक मुलगी वांगणीला फार्महाऊस भाड्याने घेऊन महिन्यातून एका रविवारी दुपारी अशा संगीताची बैठक भरवत असे. करिष्माने माझ्यावर वाजवलेलं तिला पाठवलं आणि तेजलने एक तास देऊ केला.

"ठीक आहे, जा," दिपेश म्हणाला. "त्यांनी परत बोलावलं, तर बॅनर फाडून टाकतो. नाय बोलावलं तर ह्या सीझनला तू माझ्या टेम्पोवर. मी सांगेन तेच वाजवायचं. डन?"

"डन," करिष्मा म्हणाली.

ठरलेल्या रविवारी आम्ही वांगणीला पोचलो. तिथे नवं झळझळीत यंत्र होतं, तरी करिष्माने मलाच जोडायची परवानगी मागितली, कारण तिचा हात माझ्यावर बसलेला होता. वांगणीचं ते फार्महाऊस म्हणजे जुन्या भाताच्या खाचरांवर लावलेली हिरवळ. राखणीला आणि स्वयंपाकाला रघू आणि कौसाबाई हे नवराबायको होते. आपली पाळी येईपर्यंत करिष्मा स्वयंपाकघरापाशी बसली, तेव्हा कौसाबाईने तिला चहा दिला आणि गाव, घर, आडनाव सगळं विचारून घेतलं. ही जमीन आधी त्यांचीच होती, असंही ती सहज सांगून गेली.

मग करिष्माचा तास सुरू झाला. पहिली गाणी थोडी अडखळली. माणसं अनवाणी हिरवळीवर उभी होती, बोलत होती. हळूहळू बोलणं थांबलं. कुणी डोळे मिटले. माझी आडवी कळ मधोमध होती, दोन्ही गाणी पाण्यासारखी एकमेकांत चालली होती आणि मला वाटलं की आता ही जिंकली. पण मित्रांनो, हात एकदा सुखावला की जुनी सवय हळूच डोकं वर काढते. करिष्माने मान वर केली. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून कौसाबाई उभी होती आणि तिच्या पायाचा अंगठा ठोक्यावर हलत होता. ज्यांनी रांधलं त्यांना आधी पुकारायचं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेजलने सूचना द्यायला ठेवलेला माइक शेजारीच होता. काय करतो आहोत हे कळायच्या आत करिष्माने तो उचलला.

"कौसाबाई, मंडपात या."

तिथे मंडप नव्हता. मिटलेले डोळे उघडले. कुणी इकडे तिकडे पाहू लागलं, कुणी हसलं. तेजलच्या कपाळाला आठी पडली. करिष्माची बोटं माझ्यावर तशीच राहिली. अशा वेळी दिपेशने गाणं तोडून एखादं दणदणीत लावलं असतं आणि चूक त्यात बुडवून टाकली असती. आता ही काय करते, म्हणून मी वाट पाहत होतो. तिने काहीच केलं नाही. दोन्ही गाणी होती तशी चालू ठेवली.

कौसाबाईने पदराला हात पुसले, चपला भिंतीपाशी काढल्या आणि ती सरळ हिरवळीच्या मधोमध आली. हळदीत नाचतात तशी नाचू लागली. दोन पावलं पुढे, कमरेत जराशी वाकून एक मागे. तिच्या पावलांना तो ठोका अगदी मापाचा होता. काही जण बाजूला जाऊन सावलीत बसले, हे खरं सांगायला हवं. पण काहींनी तिचं पाऊल उचललं आणि तिच्या मागे फेर धरला. करिष्मा आडवी कळ धरून उभी होती आणि रडत होती, पण ठोका चुकला नाही.

नंतर तिने कौसाबाईची माफी मागितली. उगाच सगळ्यांसमोर पुकारलं, म्हणाली.

"माजा नाव घेतलास गो तू," कौसाबाई म्हणाली. "नाव घेतल्यावं नाय येवाचा? आनि मी माज्याच शेतान नाचली. त्यात कय चुकला?"

तेजल वाईट बोलली नाही. वाजवलंस छान, म्हणाली, पण इथे लोक कलकल विसरायला येतात, माइक नको होता. कळवते, म्हणाली. फाटकापाशी दिपेश टेम्पो घेऊन न्यायला आला होता. त्याने कधीपासून पाहिलं होतं कोण जाणे.

तेजलचा फोन आला नाही. करिष्मा कारखान्यातून आली की आधी मोबाइल पाही, मग मला पुसून ठेवी, पण जोडत नसे. पुढच्या बैठकीचा रविवार आला आणि गेला. दिपेशने शर्तीचं नाव काढलं नाही, तिनेच काढलं. शब्द दिला होता, मी उभी राहीन, असं ती म्हणाली आणि ताटावरून उठली. हरलेल्या माणसाची चाल मला तिच्या पावलांत ऐकू आली. मलाही फार वाईट वाटलं. दिपेशने बॅनर टेम्पोत नेऊन ठेवला.

आणि सीझनच्या तोंडावर कौसाबाई रिक्षाने आमच्या दारात उतरली. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. हळदीला हीच पोर पाहिजे, तिने दिपेशला सांगितलं, आणि त्या दिवशी लावली तीच गाणी, घाई न करता. दिपेशने परोपरीने समजावलं की हळदीत ते चालायचं नाही.

"काकी, त्यावर नाचंल कोन?" तो शेवटी म्हणाला.

"मी नाचली ना," कौसाबाई म्हणाली.

हळदीच्या संध्याकाळी बॅनर टेम्पोतच गुंडाळलेला राहिला. करिष्माने मला जोडलं, दिवे हिरव्यात ठेवले आणि ठोका सुरू केला. पोरांनी आधी कुरकुर केली. जुनी गाणी लाव म्हणून दोघे-तिघे दिपेशकडे गेले, त्याने खांदे उडवले. मग करिष्माने नावं पुकारायला सुरुवात केली, एकेक, ठोक्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, गाणं न तोडता. चुलीपाशीच्या बाया आल्या. मावश्या आल्या, आत्या आल्या, गुडघे धरून बसणाऱ्या म्हाताऱ्या आल्या, कारण या चालीत त्यांना धाप लागत नव्हती. आया नाचू लागल्यावर पोरं किती वेळ कडेला उभी राहणार? मंडप भरला.

तेव्हा कौसाबाई माझ्याकडे आली. तिने करिष्माच्या हातातून माइक घेतला.

"करिष्मा," ती म्हणाली, "मंडपात ये."

मित्रांनो, मी कितीतरी हळदी पाहिल्या. मामांना, आत्यांना, सोयऱ्यांना, व्याह्यांना पुकारताना ऐकलं. वाजवणाऱ्याला पुकारलेलं कधी ऐकलं नव्हतं. करिष्मा जागची हलेना. मला सोडून ती जाणार कशी? इतक्यात दिपेश पुढे झाला आणि त्याने माझ्या आडव्या कळेवर हात ठेवला. "नाव घेतलंय तुझं," तो बहिणीला म्हणाला. "जा."

ती गेली. त्या हाताची सवय मला ठाऊक होती. वर्षानुवर्षं त्याने माझी कळ या टोकाकडून त्या टोकाला हाणली होती. त्याचा अंगठा कळेच्या कडेला टेकला, मला वाटलं आता हाणणार. पण मंडपात करिष्मा कौसाबाईच्या पावलात पाऊल टाकत होती, तिच्या गालाला कुणीतरी हळद लावली होती, आणि दिपेशने कळ मधोमध तशीच धरून ठेवली. दोन्ही गाणी चालत राहिली.

आता करिष्माकडे नवं यंत्र आहे. वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, कुठून कुठून तिला बोलावणी येतात. कुठे हळदीला, कुठे नुसतं नाचायला. कधी नाही म्हणतात, कधी परत बोलावतात. मी तिच्या कपाटावर सुती कपड्याखाली असतो आणि अधूनमधून ती मला खाली घेऊन जोडते, म्हणून माझ्या कळा अजून अडकल्या नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, धूळ बसू देऊ नका, कधीतरी जोडून पाहा. त्याला चापट्या मारू नका, त्याने काही बरं होत नाही. आणि पुढच्या वेळी मंडपात नाचून दमलात, की एकदा वळून यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. त्याचं नाव विचारून घ्या आणि मोठ्याने पुकारा. कळ तेवढा वेळ कुणीही धरेल.